उजवीकडून सुटलेली बस

भूत, आत्मा, अंगात येणं... या थोतांडाविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहून चौकाचौकात वाटलीयत. तेव्हा हे छापायचं तर छापा, पण मला कुणा बाबाचा पत्ता पाठवू नका!

औरंगाबाद, शहागंज. पोलीस अ‍ॅक्शननंतर हायस्कुलांत उर्दूच्या जागी मराठी आली. निजामी गेली, आनंदच झाला. पण ज्या पोरी उर्दूतून शिकल्या त्यांनी काय करायचं? कुणी विचारलं? म्हणून कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या खोलीत मी फुकट वर्ग काढला. तिथं जुबेदा यायची. तिचे अब्बा गणिताचे मास्तर होते, वारलेले. मराठीतून मॅट्रिक झाली तरच तिची देवगाव रंगारीच्या शाळेतली कच्ची नोकरी टिकणार होती.

अडलं त्वरणाच्या गणितावर. सेकंदाला चाळीस फूट वेगानं जाणारी बस दहा सेकंदांत थांबते. मी फळ्यावर रेघ मारायची — डाव्या टोकाला चाळीस, उजव्या टोकाला शून्य. जुबेदाचं उत्तर दर वेळी अधिक चार!

"अगं, तुझी बस ब्रेक दाबला की पळती!"

"ताई, तुमचा डायवरच खुळा हाय." हसायची, मग डोळे पुसायची. "नाय जमत. भाईजान बोलतेत, बस कर अब."

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी फळा पुसला, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली. मी नि जुबेदा शेजारी चहा पिऊन आलो. दार उघडलं तर... फळ्यावर खडूचा बाण. उजवीकडून डावीकडं. शेपटीशी चाळीस, टोकाशी शून्य, अन् शेपटीखाली एक ठळक टिंब.

"कुणाचा चावटपणा हा?" मी ओरडले.

जुबेदा टिंबाजवळ बोट धरून उभी. "अब्बा ऐसाच नुक्ता देते थे, ताई. बोलते थे, गाडी यहाँ से छोड़नी."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझी रेघ ती उर्दूसारखी उजवीकडून वाचत होती — शून्यापासून चाळीसपर्यंत! अन् गाडी डावीकडूनच सुटते, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? तिनं खडू उचलला. शून्यातून चाळीस वजा, भागिले दहा. उणे चार.

"थांबली!" ती किंचाळली. "ताई, बस थांबली!"

पास झाली.

खिडकीला जाळी, कुलूप शाबूत, जुबेदा सारा वेळ माझ्यासमोर. तिच्या अब्बांना मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. खुलासा माझ्याकडं नाही, अन् बनवून सांगणार नाही. परवा देवगावला तिच्या वर्गात मागं बसले होते. बाण काढायच्या आधी तिनं खडू उचलून धरला नि पोरींना विचारलं,

"बोला गं, गाडी कुठनं सोडू?"