शिडाच्या नावेनं सिरोंचा

सिरोंच्याला मी एकदाच गेले, आणि तेही शिडाच्या नावेनं. आता लोक बसनं जातात, खिडकीला डोकं टेकून झोपा काढतात आणि उतरल्यावर म्हणतात, लई दूर आहे बाप्पा. मला हसू येतं. त्या काळी आमच्या गावाहून खाली जायला प्राणहिता नदी हीच सडक होती. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. गडचिरोली म्हणजे नुसतं एक मोठं गाव, आणि आमचा जिल्हा चांदा.

आम्ही ढिवर, मासळीवर जगणारी माणसं. बाप नदीत गेलेला. मोठी बहीण सिरोंच्याला दिलेली. मी सासर सोडून परत आलेली. का सोडलं ते काय सांगू, नवरा मारायचा आणि एक दिवस मी उलटून मारलं, संपलं. त्यामुळे घरात आम्ही दोघीच, माय आणि मी. गावातल्या बाया पाण्यावर भेटल्या की बोलायच्या, पण घरी कोणी येत नसे. सणाच्या दिवशी दोघींचा स्वयंपाक तो केवढा असणार. मूठभर तांदूळ जास्त पडला तर दुसऱ्या दिवशी तोच शिळा भात. मला त्या घराचा कंटाळा यायचा, कधीकधी मायचाही यायचा. आणि रात्री तिच्या शेजारी आडवी झाले की जीव घाबरा व्हायचा, ही गेली तर मी चिडायचं कोणावर?

त्या वर्षी माघात मायनं अंथरूण धरलं. गावच्या पुजाऱ्यानं झाडपाला दिला, अंगारा लावला आणि शेवटी हात टेकले. माय कधी काही मागणारी बाई नव्हती. एक दिवस पेज पाजत होते, तर तिनं वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "मोठीले एकदा पाहू दे मले."

आमच्यात लेक आपल्या पायानं माहेरी येत नसते. माहेरचं माणूस न्यायला आलं तरच ती निघते. बाप होता तोवर तो नावेतून जायचा आणि तिला घेऊन यायचा. तो गेला आणि आणणारं कोणी उरलं नाही, मला भाऊ नाही. मी जाते म्हटलं तर गाव हसलं. "बाईले आणाले बाई जाते का कुठी?" मी म्हटलं, जाते. शेजारणीला मायकडे बघायला सांगितलं आणि नावेत जाऊन बसले.

नाव एका मुसलमान व्यापाऱ्याची होती. लाख, डिंक, हिरडा घेऊन खाली जायची आणि मीठ, मिरची, सुकट घेऊन वर यायची. नावाडी माझ्या बापाचा जुना सोबती, मी त्याला भाऊ म्हणायची. जाताना धारच नावेला नेते, शीड गुंडाळून ठेवलेलं असतं. येताना मात्र खालच्या अंगाचा वारा सुटला तरच शीड भरतं. म्हणून परतायचा दिवस कोणी सांगत नसे.

"वारा आणल तवा येऊ," भाऊ म्हणाला.

मी डिंकाच्या पोत्यांवर बसून होते. दोन्ही काठांना साग, मधे वाळूवर पसरलेल्या मगरी. माणसं माझ्याशी बोलत नव्हती. सासर सोडून आलेल्या बाईशी काय बोलायचं हे पुरुषांना समजत नाही.

सिरोंचा उंच काठावर आहे. घाटावर नाव लागली की जुन्या किल्ल्याची भिंत दिसायची, इंग्रजांचा बंगला दिसायचा, आणि सागवानाचे ओंडके रचलेले. म्हातारे सांगत, हे एकेकाळी बंदर होतं. इथून कापूस गोदावरीनं थेट समुद्राकडे जायचा आणि समुद्राचं मीठ याच घाटावर उतरायचं. मी काही समुद्र पाहिलेला नाही. पण गावाखाली प्राणहिता गोदावरीला मिळते ते पाणी पाहिलं आणि वाटलं, यापेक्षा मोठा समुद्र हवा कशाला. बाजारात जो तो तेलुगूत बोलत होता. कोणी काही विचारलं तर मी नुसती मान हलवायची. एवढ्या माणसांत मला आमच्या रिकाम्या घरापेक्षा जास्त एकटं वाटलं.

बहीण दारात मासे साफ करत बसली होती. मला पाहून उठली नाही.

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

"अजून कोणी नाई. माय बिमार आहे. तुले पाहाचं म्हणते."

ती पुन्हा खवले काढायला लागली. "बाप गेल्यावर मी दर सणाले घाटावर जाऊन बसे. वरून नाव ये. डिंकवाला उतरे, हिरडावाला उतरे, माझं कोणीच नाई. सासू हसे मले. आता मराच्या वखती आठवण आली?"

"आणणारं होतं कोण?"

"तू होती ना. आज आली तशी तवा काऊन नाई आली?"

तेव्हा मी स्वतःच सासरी मार खात होते. ते सांगता आलं असतं, पण तिच्यापुढे रडगाणं गायची मला लाज वाटली.

वारा सुटेना, म्हणून मी तिच्याकडेच राहिले. तिची लेकरं मला चिन्नम्मा म्हणायची, म्हणजे मावशी. ती मला पोटभर वाढायची, पण बोलायची नाही. लेकरांना रागवायची तेलुगूत, स्वतःशी पुटपुटायची तीही तेलुगूतच. जिच्या कुशीत मी लहानपणी झोपले ती बाई चुलीपाशी बसलेली असायची आणि तिच्या मनातलं मला काही कळायचं नाही. तिच्या नवऱ्याची ना नव्हती, अडून बसली होती ती. मी रोज विचारायचे, येतेस ना? ती म्हणायची, नाई. कधीकधी तर तेवढंही नाही.

एका सकाळी ताडाची पानं वरच्या अंगाला वळली. भाऊनं माणूस धाडला, शीड चढवून राह्यलो, लवकर या. मी लुगडं गुंडाळलं. बहीण चुलीपाशी होती.

"मी निघाली," म्हटलं.

"मायले सांगजो, मी बरी आहो." तिनं मान वर केली नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तशीच निघाले आणि तरातरा घाटावर आले.

नावेच्या माणसांची एक रीत आहे. नाव सुटली की काठावरून कोणी हाक मारायची नाही आणि नावेतल्यानं पहिल्या वळणापर्यंत मागं पाहायचं नाही. नदीला वाटतं आपल्यालाच बोलावलं, आणि ती येते. आमची माय यात एकदा चुकली होती. बापाची तंबाखूची पिशवी घरी राहिली, ती धावत काठावर आली आणि तिनं हाक मारली. बापानं वळून पाहिलं. त्याच फेरीत तो बुडाला. मायला कोणी बोल लावला नाही, पण त्यानंतर तिनं कोणालाच मोठ्यानं हाक मारली नाही. मी अंगणात असले तरी ती जवळ येऊन सांगायची, चाल जेवाले. हाकेची ही गोष्ट आम्हा दोघी बहिणींना ठाऊक होती.

म्हणून मी नाकासमोर बघत बसले. राग होताच, त्यामुळे सोपं गेलं. ठिगळांचं ते शीड फुगलं आणि नाव धारेच्या उलट चढायला लागली. पाणी दोन्ही बाजूंनी चिरत जात होतं. इतकं चांगलं वाटायला नको होतं, पण वाटलं.

वळण आलं आणि मी मागं पाहिलं.

घाटाखाली पाण्यात एक बाई उभी होती. डोक्यावर गाठोडं, कडेवर धाकटं लेकरू, तोंडावर पदर दाबलेला. एवढ्या लांबूनही मी तिचं उभं राहणं ओळखलं.

"भाऊ, शीड उतरवा. मोठी आली आहे."

भाऊनं मागं पाहिलं. "आता नाई उतरवत बाई. निघालेली नाव फिरवत नसतेत."

मी उठले, नावेच्या कडेला सरकले, तर त्यानं माझा दंड धरला. "बस खाली. इथी भोवरा आहे. तुझा बाप इथीच गेला."

मी बसले. वळणाच्या झाडांनी ती झाकली गेली. पुढचे सगळे दिवस मी त्या मिठाच्या पोत्यांत तोंड खुपसून रडले, आणि कोणी मला गप्प बस म्हणालं नाही, एवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

घरी पोचले तेव्हा माय होती. डोळे दाराकडे. मी एकटीच आत आले ते तिनं पाहिलं.

"नाई आली?"

"आली होती, गाठोडं घेऊन. घाटापर्यंत आली. पण नाव सुटली होती."

मायनं माझं मनगट धरलं, अगदी घट्ट. "तिनं आवाज नाई देला ना?"

"नाई देला."

"शहाणी आहे माझी पोर," माय म्हणाली. तिचा चेहरा इतका निवला की जणू मोठी येऊन तिला भेटून गेली. दुसऱ्या दिवशी माय गेली.

आता मी म्हातारी झाले. नदीला काय वाटतं आणि काय नाही, मला ठाऊक नाही. पण त्या सकाळी नाव सुटताना मोठीनं एक हाक मारली असती तर मी तिथंच उतरले असते. घाटापाशी पाणी कमरेएवढंच होतं.