चिंचटाकळीच्या सभेत माझे पागोटे

राधेचा निरोप घेऊन गाडीवान दारात उभा राहिला तेव्हा मी जेवत होतो. राधा माझी धाकटी बहीण, अकोल्याच्या वाटेवर आत असलेल्या चिंचटाकळीत दिलेली. भादव्यात तिकडे मरी आली आणि तिचा नवरा संपतराव एका दिवसात गेला. आता अवसेला गावची सभा भरणार होती, आणि राधेच्या मळ्यातली विहीर कापसाच्या गाडीतळासाठी घ्यायची की नाही हे तिथे ठरणार होते. "भाऊले म्हना अवसेच्या आत ये, नाईतर विहीर गेली," एवढाच निरोप. विहीर गेली की मळा वाळला, आणि त्या मळ्यावरच तर ती दोन लेकरांना जगवत होती. हातातला घास तसाच ठेवून उठलो आणि शाळेची चार दिवसांची रजा मागून आलो.

या वाटेने कोणी जाणार असाल तर आधीच सांगतो, यंदा अमरावतीत माणसे नेणारी बैलांची दमणी मिळणे महाकठीण. अमेरिकेत कसलीशी लढाई जुंपली आहे म्हणे, त्यामुळे विलायतेला आपला कापूस हवा, आणि झाडून साऱ्या बैलजोड्या त्याच कामाला. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा कुठे एक खिळखिळी दमणी हाती लागली. बडनेऱ्यापर्यंत कापसाच्या गाड्यांमागे नुसती धूळ खाल्ली. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकलेले. मूर्तिजापूरच्या अलीकडे धर्मशाळेत मुक्काम करा, झुणका-भाकर गरम मिळते आणि ठेचा असा की डोळ्यांतून पाणी यावे. पाणी मात्र स्वतःचे न्या. पुढे रस्ता सोडला की काळी माती, आणि चाक रुतले की उतरून ढकलायचे, तिथे मास्तरकी चालत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिंचटाकळीत शिरलो. गजबज तर केवढी! गाडीवान, हमाल, व्यापाऱ्यांची माणसे, नुसता कोलाहल. पण त्यात गावचे ओळखीचे एक तोंड दिसेना. गल्लीत वळलो तर पंधरा घरांत तीन चुली पेटलेल्या. बाकीच्या दारांना बाहेरून कड्या आणि कड्यांवर कोळ्यांची जाळी. हाटातला गलका त्या गल्लीत यायचा, पण कुठल्याशा दूरच्या गावचा वाटायचा.

राधा फार वाळली होती. मला पाहून रडली, मग डोळे पुसून भाकर टाकायला बसली.

"सभेत बोलाचं कोनं?" मी विचारलं.

"तेच तर! त्याहिची जागा अजून हाये ना तिथं."

मग तिने गावची रीत सांगितली. सभेला अकरा पंच, संपतराव त्यांतले एक. एखादा मेला तर वर्ष सरेपर्यंत त्याची जागा कोणाला देत नाहीत. त्याचे पागोटे जाजमावर त्याच्या जागी ठेवतात आणि त्यालाही विचारतात. त्या घरच्या किंवा सासुरवाडीच्या पुरुषाने पागोटे उचलून डोक्यावर घेतले, तर त्याने बोलायचे. कोणी उचलले नाही, तर कोतवाल पागोट्याला कान लावतो आणि मेलेल्याचे म्हणणे सांगतो.

"अन् काय सांगते थो?"

"आजपर्यंत एकच. राजी हायेत म्हन्ते."

मला हसू आले. म्हटले, वा, म्हणजे व्यापाऱ्यांना मेलेले पंच जित्यांपेक्षा सोयीचे! राधा हसली नाही. "हळू बोल," म्हणाली, आणि दाराकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अवस. कोतवालाने दवंडी दिली आणि भर दुपारी बारा वाजता चावडीवर सभा भरली. ही सभा कोणालाही पाहता येते, फक्त जाजमावर पाय ठेवायचा नाही. मी खांबापाशी उभा राहिलो आणि मोजले. जाजमावर पाच माणसे बसली होती. सहा पागोटी होती.

लख्ख ऊन होते, शंभर माणसे भोवती उभी होती, तरी मी पुन्हा एकदा मोजले. पागोटी नीट झटकून, शेमले मागे सोडून ठेवलेली. प्रत्येकापुढे पानाचा विडा. पाटील बोलताना एकेका पागोट्याकडे वळून बोलत होते, जसे आपण माणसाच्या तोंडाकडे बघून बोलतो तसे.

पाटलांनी गाडीतळाची गोष्ट मांडली आणि एकेकाला विचारत निघाले. जित्यांपैकी तिघे राजी म्हणाले, दोघे नाही म्हणाले. मग पहिले पागोटे. कोतवाल गुडघ्यावर बसला, वाकला, कान लावला. तो बराच वेळ ऐकत होता, मध्येच त्याने मान हलवली, जणू पलीकडून काही लांबलचक सांगणे चालले होते. मग उठला.

"राजी हायेत."

दुसरे. तिसरे. तिसऱ्याला ऐकताना त्याचे डोळे भरून आले. नाटक म्हणावे तर ते पाणी खरे होते. चौथे संपतरावाचे. कोतवाल वाकायच्या आत मी जाजमावर पाय ठेवला.

"मी त्याहिचा मेव्हना. अमरावतीचा."

पाटील शांतपणे म्हणाले, "घ्या. पन मास्तर, डोक्यावर घेतलं का वरीसभर जागा तुमची. दर अवसेले या लागन."

"येईन की!" मी म्हणालो. माझे पागोटे उतरवून संपतरावाचे चढवले. ते ऊबदार होते. उन्हाने असेल. पण आतून ओलेही होते, घामाने असावे तसे, आणि संपतराव जाऊन चार महिने झाले होते.

"नाई," मी ओरडलो. "विहीर द्याची नाई!"

उरलेल्या दोन पागोट्यांनाही कोणी वारस उभा राहिला नाही, ती राजी झाली. पण पाटील म्हणाले, विहीर ज्या घरची त्या घराची हरकत असेल तर सभा ती घेत नाही. गाडीतळ बारगळला, निदान त्या अवसेपुरता. व्यापारी हात चोळत निघून गेले. मी असा फुशारलो की विचारू नका! तिथेच माझी जीभ घसरली. स्वतःचे पागोटे जाजमावर ठेवत मी कोतवालाला म्हणालो, "हे राहू द्या इथंच. एखाद्या अवसेले मी आलो नाई तर यालेच बसवा, यालेच विचारा."

कोणी हसले नाही. कोतवालाने पागोटे दोन्ही हातांनी उचलले, झटकले आणि छातीशी धरून आत नेले.

परतीचा प्रवास सुखाचा झाला. घरी आल्यावर मित्रांना ही सभा रंगवून रंगवून सांगितली. पुढच्या अवसेला निघणार होतो, खरेच निघणार होतो. पण शाळेत परीक्षा आली, साहेब तपासणीला यायचा होता, दमणीवाला तिप्पट मागत होता. म्हटलं, एक अवस चुकली तर काय आभाळ कोसळणार आहे?

अवसेनंतर तिसऱ्या दिवशी राधा दारात उभी. दोन लेकरे, एक बोचके, पाय धुळीने भरलेले. माझी बायको पाणी घेऊन धावली. राधा आत येईना. उंबऱ्याबाहेरून नुसती माझ्याकडे टकामका बघत राहिली.

"इहीर गेली, भाऊ," शेवटी म्हणाली. "तुहं पागोटं बसवलं त्याहीनं. कोतवालानं कान लावला. लय वेळ ऐकत होता. मंग म्हने, मास्तर राजी हायेत."

"अगं, मी जित्ता आहे! मी कधी राजी म्हटलं?"

"मले काय ठाव?" तिचा आवाज फाटला. "जाजमावर पागोटं दिसलं, मी मळ्यात जाऊन बांधाआड तुह्या नावानं आंघोळ केली. रस्ताभर लेकरं रडून राह्यले, मामा मेला म्हनून."

त्याला आता दीड महिना झाला. राधा आमच्याकडेच असते. तिकडे मळ्यात बैल बांधतात, असे गाडीवान सांगतात. मी तिची किती माफी मागितली. ती म्हणते, जाऊ दे. जाऊ दे कसले? एका परीक्षेपायी मी तिच्या लेकरांचे पाणी तोडले. चिंचटाकळीला जाऊन सभा अवश्य बघा, पण गंमत म्हणूनही तिथे आपले काही ठेवून येऊ नका. राधा मला रोज वाढते, मायेने वाढते. फक्त ताट ठेवण्याआधी ती एकदा जमिनीकडे बघते, माझी सावली पडली आहे का ते.