पटाचं इंजिन

इंजिन सुरू झालं की बाई त्याच्यावर तळहात ठेवायच्या, जिभेनं चक्‌चक्‌ करायच्या आणि म्हणायच्या, "दम धर राजा, तुया पट अजून लागाचा हाय." भाताच्या मिलचं इंजिन असो की कोणाचा शेतातला पंप, वाक्य ठरलेलं. गिऱ्हाईक हसायचं. बाई हसत नसत.

माझं मूल या गावी लेथचं, म्हणजे लोखंड तासून द्यायचं, दुकान. बाई चामोर्शीहून एसटीनं यायच्या. मांडीवर भाजीची थैली आणि थैलीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेले पिस्टन. वय साठीपलीकडचं. नवरा लवकर गेला तेव्हा दिरानं घरची भाताची मिल विकायचा सल्ला दिला होता. बाईंनी मिस्त्रीला हाताशी धरून इंजिनाचं काम शिकून घेतलं आणि मिल चालवून दाखवली. 'हे तुमच्यानं व्हाचं नाई' असं त्यांना कोणी म्हटलं, की ते काम झालंच म्हणून समजायचं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. अशा माणसांशी भांडू नये, त्यांना चहा पाजावा आणि गंमत बघावी. मी तेच केलं.

बाईंच्या सासऱ्यांनी कधीकाळी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावणारी नामी बैलजोडी एका लाकूडव्यापाऱ्याला दिली आणि तिच्या बदल्यात त्याची दोन सीटांची, बिनटपाची इंग्रजी मोटार घेतली होती. खास शर्यतीसाठी बनवलेली. बैल देऊन पत्रा आणला म्हणून गाव हसलं. मोटार काही वर्षं फिरली, मग मिलच्या मागच्या खोलीत कोंड्याच्या पोत्यांआड पडून राहिली.

दिराच्या मुलाला, म्हणजे बाईंच्या पुतण्याला, तिच्यात धंदा दिसला. रंग मारायचा, झेंडूच्या माळा सोडायच्या आणि वरातीला भाड्यानं द्यायची. मोटार सासऱ्यांच्या नावावर, तेव्हा अर्धा हक्क त्याचाही होता. नेमकं तेव्हाच बाईंच्या कानावर आलं, की नागपूरकडच्या एका जुन्या धावपट्टीवर असल्या जुन्या गाड्यांची शर्यत होणार आहे.

माझ्याच दुकानात दोघांचं ठरलं.

"शर्यत पुरी केली तं गाडी मायी," बाई म्हणाल्या. "नाई तं घेऊन जाय. तिच्यात नवरदेव बसव, नाई तं बकऱ्या बसव."

"मोठी आई, या वयात?"

"बैलाचं वय दातावरून पाहतेत. पाह्य माये दात, सारे हायेत."

हा हट्ट नुसत्या मोटारीचा नव्हता. बाईंचे वडील पटाचे धुरकरी, म्हणजे शर्यतीत जोडी हाकणारे. बैलांना चारापाणी, मालिश, सगळं लहानपणी बाईंनी केलेलं. पण छकड्यावर चढू दिलं नाही कोणी. पोरीनं पट हाकायचा नसतो. "बैल हाकू नाई देल्ले," त्या म्हणायच्या, "आता हे हाकीन. कोन अडवते पाहू."

त्यानंतर कित्येक महिने बाईंनी एक नटसुद्धा उघडला नाही. नुसता बेत चालला होता. मी कंटाळून म्हटलं, "बाई, खोला तरी एकदा." तर म्हणाल्या, "भाऊ, आधी जोड जमव, मंग जुपाचं." मिलसमोर धान वाळवायच्या फरशीवर खडूनं इंजिन काढायच्या, पुसायच्या, पुन्हा काढायच्या. कोंबड्या त्यावरून फिरून जायच्या.

शेवटी इंजिन खोललं, तेव्हा चारही पिस्टन त्यांनी आठवडी बाजाराच्या दिवशी सोनाराच्या काट्यावर तोलले. सोनाराला वाटलं, बाई काही मोडीत काढायला आल्या. सगळ्यांत हलका पिस्टन धरून बाकीचे मी आतून तासून त्याच्या जोडीला आणले. हेड घासून बसकं केलं, म्हणजे दाब वाढेल. फ्लायव्हील तासून हलकं केलं. पंखा काढून टाकला. "पटाच्या बैलाच्या गयात घुंगरं कायले?" असं त्यांचं म्हणणं. आणि मग रेडिएटर कापून अर्ध्यावर आणला.

इथं मी कुरकुरलो. "पाणी कमी पडेल ना, बाई."

"पटाच्या आधी बैलाले पोटभर पानी पाजते काय कोनी? जड होते बैल."

आमच्याकडं लहान पोराला विचारा, तेच सांगेल.

बाईंनी तालुक्याच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी एकदा सोडली. मी शेजारी बसलो होतो. टोपी गेली ती गेलीच. मला तेव्हा खरोखर वाटलं, की आता ही बाई कोणाच्या बापाला ऐकत नाही.

शर्यतीच्या सकाळी धावपट्टीवर उतरलो. ड्रम मांडून गोल रस्ता आखला होता. गाड्यांना फेऱ्या मारायच्या होत्या, एक नाही, चांगल्या सात-आठ. इतके महिने बाईंनी हे कोणाला विचारलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. आमच्या भागात शर्यत म्हणजे सरळ रेघ. गोल फिरतो तो तेलघाण्याचा बैल.

"बाई, परत जाऊ," मी म्हटलं. "हे इंजिन एका धावेचं आहे."

"आली तं धावल्याशिवाय जाऊ काय?" त्यांनी पदर खोचला, बॉनेटवर हात ठेवला. "चाल राजा, लागला तुया पट."

पहिली सरळ धाव मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाकीच्या गाड्या जणू रुतून बसल्या होत्या. पहिली फेरी बाईंचीच. दुसऱ्या फेरीत वाफ निघाली आणि गाडी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. माणसं ओढायचा दोर घेऊन धावली. बाई सीटवरून हलल्या नाहीत.

"दोर लावू नोका. पटात बसलेल्या बैलाले ओढत नाई. त्याले उठू द्या."

शर्यत संपली, बक्षिसं वाटून झाली, मंडप सोडायला लागले. इंजिन निवल्यावर मी बादलीनं पाणी नेलं. गाडी खोकत, थांबत, पुन्हा पाणी पीत राहिलेल्या सगळ्या फेऱ्या फिरली. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा बघायला मी, पुतण्या आणि खुर्च्या उचलणारी माणसं.

"हे काई पुरी केली म्हनत नाई, मोठी आई," पुतण्या म्हणाला.

मला वाटलं, आता बाई भांडतील. त्या म्हणाल्या, "बरं. गाडी तुयी." आणि घरी आल्यावर पहिल्या दिवशी इंजिन उतरवून माझ्या दुकानात आणून टाकलं. "गाडी देतो म्हनलं होतं. इंजन माया हातचं हाय."

पुतण्या बिचारा अडकला. लग्नांच्या सुपाऱ्या घेतलेल्या. शेवटी वरातीत त्या मोटारीला पुढून बैलजोडी जुंपावी लागली. बाईंनी रस्त्याच्या कडेला उभं राहून ती वरात पाहिली. "सासऱ्यानं जोडी देऊन गाडी आनली," त्या म्हणाल्या, "यानं गाडीले जोडी आनली." त्या दिवशी मी बाईंना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग गाडी नसतानाच आमचा नवा बेत सुरू झाला. या वेळी गोल फिरणारं इंजिन. मोठा रेडिएटर, पंखा परत, दाब बेतानं. "घाण्याचा बैल का बैल नाई?" असं म्हणून बाईंनी सगळं पुन्हा बांधलं. शेवटचा नट आवळला आणि त्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. मला फार राग आला. कोणावर ते कळलं नाही. अजून येतो.

परवा पुतण्या दुकानात आला. इंजिन स्टँडवर होतं.

"काका, बैलानं ओढलेल्या गाडीले लोक हासतेत. हे इंजन बसवून द्या ना."

"गाडी इथी आन. बसवतो," मी म्हटलं. "पन शर्यतीले जाईल ते. वरातीले नाई."

"शर्यतीले? हाकन कोन?"

"मी."

त्यानं माझ्या पांढऱ्या डोक्याकडं पाहिलं, मग चष्म्याकडं. मला तर साधा ट्रॅक्टरही सरळ हाकता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"काका, हे तुमच्यानं व्हाचं नाई," तो म्हणाला.

मी इंजिनावर तळहात ठेवला आणि त्याला म्हटलं, बस, चहा सांगतो.