उलटं माहेर

पनवेलच्या मिठागरांवर काशिरामइतका मिठाचा जाणकार दुसरा नव्हता, असं निदान काशिरामचं मत होतं. मूठभर मीठ तळहातावर घ्यायचं, दोनदा झेलायचं आणि सांगायचं, यात पाणी आहे. जड मीठ म्हणजे ओलं मीठ, आणि ओलं मीठ म्हणजे लबाडी. हलकं ते कोरडं, कोरडं ते खरं. हे शहाणपण मिठापुरतं ठीक होतं. पण माणूस आपल्या धंद्याची अक्कल बरोबर घेऊन परक्या बाजारात जातो आणि तिथेच फसतो.

त्याची बायको गोदू क्षयाने आजारी होती. पोरबाळ नव्हतं. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली म्हणून काशिरामने खाडीकडच्या पडवीत तिची खाट टाकली. समोर खाडी आणि खाडीच्या पल्याड तिचं माहेर. भरतीला होडी सोडली तर एक विडी ओढून संपेपर्यंत पोचावं, एवढंच अंतर. पण आजाराचं नाव कळलं तसं तिकडून कुणी येईनासं झालं, आणि हिनेही जायचं नाही असं ठरलं. कुणी ठरवलं ते कुणीच सांगत नव्हतं. गोदू दिवसभर पल्याड बघायची. माणसं मुंग्यांएवढी दिसायची. त्यात आई कुठली आणि शेजारीण कुठली ते कळायचं नाही. एकदा ती नवऱ्याला म्हणाली, आईचं तोंड दिसलं नाही तरी चालेल, नुसती चाल ओळखू आली तरी पुरे.

काशिरामने ते मनावर घेतलं. मिठाचा हंगाम सुरू होण्याआधी तो मुंबईच्या जुन्या बाजारात गेला. गाठीशी पैसे होते तेवढ्यात बसतील अशा दोन दुर्बिणी दुकानदाराने पुढे ठेवल्या. एक पितळेची, आखूड, बोटीवरच्या माणसाने वापरलेली. दुसरी लांब, काळ्या रंगाची, पत्र्याची. दुकानदार म्हातारा होता आणि खोटं बोलला नाही. ही पितळी जमिनीवरचं, पाण्यावरचं बघायची. ही लांब चंद्र-तारे बघायची, असं त्याने साफ सांगितलं.

काशिरामने पितळी हातावर तोलली. जड लागली, तिथेच ती त्याच्या मनातून उतरली. लांब दुर्बीण हलकी, कोरडी. शिवाय हिला जर चंद्र दिसतो, तर खाडीपल्याड दिसायला कितीसा वेळ? दुपारीच चंद्र उगवून गल्लीच्या वर आला होता. तिथूनच त्याने लांब दुर्बीण लावून बघितलं, तर चंद्रावरचे खड्डेसुद्धा मोजून घ्यावेत असे दिसले. चंद्राला डोकं ना पाय, त्यामुळे काशिरामला काही कळायचं कारण नव्हतं.

कळलं ते पडवीत. गोदूने दुर्बीण डोळ्याला लावली, आणि माहेर दिसलं ते उलटं. घराची कौलं खाली, अंगण वर, आणि आकाश पार बुडाशी. काशिरामने नळी गोल फिरवली, मागेपुढे केली; माहेर काही सरळ होईना. त्याचं तोंड एवढंसं झालं. पण गोदू हसायलाच लागली, खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली, आई डोक्यावर चालते आहे, पण चाल तिचीच आहे, डावा पाय ओढते. त्या दिवसापासून तिला सवय झाली. उलट्या आईने उलट्या अंगणात उलटं भात वाळत घातलं, ते ती नवऱ्याला रोज सांगायची. गाव काशिरामला हसलं. गोदू खूश होती, त्यामुळे त्याला त्याचं काही वाटलं नाही.

होळीनंतर तिचा भाऊ शिवा होडी घेऊन आला. घरात आला नाही. काशिरामला मिठागराच्या बांधावर गाठून खाली मान घालून म्हणाला की आपलं लग्न ठरलंय, मुलीकडच्यांना ताईच्या आजाराचं कळलं तर मोडेल. भावजींनी एकट्याने यावं, आणि ताईला सांगू नये. काशिरामला संताप आला, पण तो हो म्हणाला. आणि जायचंच नाही असं मनात ठरवून बसला.

लग्नाच्या दिवशी दुर्बीण लपवावी असं त्याच्या मनात आलं होतं. पण ती मागेल, मग काय सांगायचं? त्यापेक्षा उलटं दिसतं आहे ते बरंच आहे, त्यात मांडव ओळखू येणार नाही, असा त्याने विचार केला. सकाळीच तिने विचारलं, आज अंगणात हे काय पसरलंय? पेंढा वाळत घातला असेल, काशिराम म्हणाला.

गोदू खाटेवर हळूहळू फिरली, पाठीवर पडली आणि डोकं खाटेच्या काठावरून खाली सोडलं. तिने दुर्बीण तशीच डोळ्याला लावली; आता उलटं माहेर सरळ दिसणार होतं. इतक्या महिन्यांत तिने हे कधी केलं नव्हतं. छाती धपापत होती.

"मांडव हाय," ती म्हणाली. "आंब्याचे टहाळे लावलेत. धवलारीण लग्नाची गानी म्हनाया बसलीय."

काशिरामने तिला उचलून सरळ केलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी कपाळावरून केसांत गेलं होतं.

"तुमाला ठाव व्हतं?"

"व्हतं."

सख्ख्या भावाच्या हळदीला हात लावायचा मान तिचा होता. ती शिवाला शिव्या देईल असं त्याला वाटलं. पण ती नवऱ्यावरच चिडली. "मंग तुमी हितं काय करता? आपल्या घरचं एक तरी मानूस नको मांडवात? लाल फेटा बांधून जा. मोकल्यात उभे रावा. मी तुमाला हितून बघीन."

तो गेला. जनी शेजारणीला तिच्याजवळ बसवून गेला. मांडवाच्या दारात शिवाने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि रीतीप्रमाणे मानाचा नवा पांढरा फेटा बांधायला पुढे आला. नाही म्हणता येईना. लाल फेटा काखेत मारून काशिराम सगळा वेळ नवरदेवाकडे पाठ करून, खाडीकडे तोंड करून उभा राहिला. अक्षता पडल्या तेव्हा त्याने पडवीच्या दिशेने हात वर केला. लोक बघत होते. बघू देत, म्हणाला.

दिवस मावळताना तो परतला. जनीने दाराशीच सांगितलं, वहिनी तुम्ही गेल्यावर दोनदा डोकं खाली घालून बघायला गेल्या, पण दम पुरेना. लग्न उलटं नाही बघायचं म्हणाल्या, मग नुसत्या पडून होत्या. पडवीत दिवा लागला नव्हता. गोदूने त्याचा हात चाचपून धरला.

"दिसलाव मना," ती म्हणाली. "लाल फेटा लय उठून दिसत व्हता."

काशिरामने डोक्यावरचा पांढरा फेटा हळूच उतरवला आणि खाटेखाली सारला.

"तूपन दिसलीस," तो म्हणाला.

पितळी घेतली असती तर ती उशीवर पडल्या पडल्या सगळं लग्न बघू शकली असती, हे त्याला त्या अंधारात समजलं. पावसाळा संपायच्या आत गोदू गेली. तिला नेताना त्याने लाल फेटा तिच्या उशाला ठेवला.