दादाने जपून ठेवलेली हार्ड डिस्क

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. सकाळी कॉम्प्युटरसमोर बसल्या बसल्याच छातीत कळ आली आणि संपलं... उधन्याहून नवागामला त्याच्या घरी पोहोचेपर्यंत मी रिक्षात रडत होते आणि त्याच्यावर चिडतही होते. दीड महिना झाला, अजून चिडलेलीच आहे. याला काय म्हणावं!

माझा हा मोठा भाऊ घरी बसून साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं बनवायचा. कारखान्यातलं मशीन पेन ड्राइव्हवरून डिझाइन घेतं, म्हणून घरात पेन ड्राइव्हचा नुसता सुळसुळाट. हाताला लागेल तो पुसायचा, डिझाइन भरायचं, पाठवून द्यायचं. माझ्या लेकीच्या बारशाचे फोटोही या पठ्ठ्याने असेच पुसले. वर म्हणतो, "अगं, रिकामाच वाटला!" बाकी घरातलं सगळं त्या एका जुनाट कॉम्प्युटरमध्ये. मी कानीकपाळी ओरडायचे, "दादा, दुसरीकडे कॉपी ठेव." त्याने त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवली. अरे देवा, एकाच कपाटाचे दोन कप्पे ते! शेवटी चांगली हार्ड डिस्क मीच आणून दिली.

तेराव्यानंतर त्याची मुलगी प्रणाली म्हणाली, "आत्या, मला पप्पांचा आवाज ऐकायचाय." तिच्या नाचाचे व्हिडिओ कायम तोच घ्यायचा. दिसायचा नाही, पण मागून बोलत राहायचा. कॉम्प्युटर लावला तर नुसती टकटक. दुरुस्तीवाल्याने मान हलवली, "बेन, कशुं नहीं नीकळे." काहीच निघणार नव्हतं. मग मी वहिनीला हार्ड डिस्क विचारली. तिने लग्नाच्या शालूखालून खोकं काढलं. वरचं प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नाही, त्यावर दसऱ्याच्या पूजेची हळदकुंकवाची बोटं!

"ताई, तुम्ही एवढी भारी वस्तू दिली. खराब होईल म्हणून ते कुणाला हात लावू देत नव्हते."

मी कपाळावर हात मारून घेतला आणि तिथेच खाली बसले.

आवाज सापडला तो त्याच्या फोनमध्ये. साडीवाले शेठ मागाहून शब्द फिरवतात म्हणून तो सगळे कॉल रेकॉर्ड करायचा. त्यातले बहुतेक "हां शेठ, जी शेठ". घरच्यासारखा बोललेला एकच उरला होता, माझा, तो जायच्या आदल्या रविवारचा. त्याच्या मी आता तीन कॉपी केल्यात. प्रणाली तो रोज ऐकते. मला पूर्ण ऐकवत नाही. सात मिनिटं मीच तणतणतेय, बॅकअप घे, किती वेळा सांगू, तुला अक्कल कधी येणार... तो मधूनमधून "हो गं" म्हणतो. मी दमल्यावर हसतो. "बेबी, झालं का सगळं? आता तू कशी आहेस ते सांग."

"मग सांगते, घाईत आहे," म्हणून मी फोन ठेवलेला आहे.