ड्रायव्हर टू

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. दुपारी जेवून आडवं व्हायचं, मोबाईल उघडायचा आणि कुणाच्या तरी मामेभावाला पिंपळाखाली दिसलेली बाई वाचून गालातल्या गालात हसायचं. माझं बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप आहे, पंपाचे सुटे भाग करतो. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतं आणि कारण सापडत नसेल तर शोधणारा कमी पडतोय, हे मी कामगारांना ओरडून ओरडून सांगत आलोय. तेव्हा माझ्यासारख्या माणसाने इथे लिहायला बसावं हीच एक अमानवीय गोष्ट समजा... पण डोक्यातला भुंगा जात नाही, आणि घरात हा विषय काढायला बंदी आहे.

गेल्या दसऱ्याला नवी गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, उगीच झेंगट नको. मोठी, पांढरी, ऑटोमॅटिक. आमच्या अनगोळच्या गल्लीत वळवायला लागलो की दोन्ही बाजूचे शेजारी बाहेर येऊन उभे राहतात — निम्मे कौतुकाने, निम्मे आपापल्या भिंतीच्या काळजीने. आत टीव्हीएवढी स्क्रीन आहे. नकाशा, एसी, गाणी, आरसे, सगळं तिच्यावरच. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचं त्यात वेगळं खातं उघडता येतं. आपलं खातं निवडलं की सीट, स्टिअरिंग, आरसे आपोआप आपल्या मापाला येऊन थांबतात. ड्रायव्हर वन म्हणजे मी. दुसरं कुणी चालवतच नाही. बायको रोहिणी तिच्या स्कूटरवर खूश आहे आणि मुलगी सई अजून शाळेत आहे.

दिवाळी होते न होते तोच स्क्रीन काळी पडायला लागली. गाडी उभी असताना मध्येच बंद व्हायची, पुन्हा सुरू व्हायची आणि वर अक्षरं यायची — वेलकम, ड्रायव्हर टू. मग सीट माझ्यासकट पुढे सरकायला लागायची. पुढे, मग वर. स्टिअरिंग खाली यायचं, आरसे खाली वाकायचे, एसी बंद व्हायचा, स्क्रीनवरची अक्षरं मोठी व्हायची. माझे गुडघे डॅशबोर्डला चिकटलेले आणि मी बटणं दाबत शिव्या घालतोय. एकदा शॉपच्या गेटवर वॉचमनसमोर हा प्रकार झाला. तो बिचारा सलाम करून दुसरीकडे बघत राहिला.

सर्व्हिस सेंटरला इतक्या चकरा झाल्या की तिथल्या चहाची चव तोंडपाठ झाली. सॉफ्टवेअर अपडेट झालं, वायरिंग बघितलं, शेवटी अख्खी स्क्रीन बदलली. तिथे बसवराज म्हणून एक शांत माणूस आहे. प्रत्येक वेळी गाडी परत देताना म्हणायचा, "एनू प्रॉब्लेम इल्ल, सर." काही प्रॉब्लेम नाही हे ऐकलं की माझं डोकं जास्तच फिरायचं. ते दुसरं खातं पुसून टाका म्हटलं, तर म्हणाला, "सर, पुसायला ते असायला पाहिजे ना. तुमच्या गाडीत एकच ड्रायव्हर आहे."

मग एका रविवारी रोहिणी गाडीतून छत्री काढायला गेली आणि हात हलवत परत आली.

"अहो, ही कोण?"

"कोण ही?"

"ड्रायव्हरच्या सीटवर बसते ती. सीट बघा केवढी पुढे आहे, केवढी वर आहे. बुटकी आहे. एसी बंद, म्हणजे सोसत नाही तिला. आणि स्क्रीनवर एवढाली अक्षरं, म्हणजे जवळचा चष्मा लागलाय, वयही काही कोवळं नाही. तेवढी तरी कोवळी बघायची होती."

मी हसलो. ती हसली नाही. पुढचे कित्येक दिवस ताटात भाकरी पडायची ती आवाज करूनच. मी तिला स्क्रीनवर ड्रायव्हर टू उगवताना दाखवायला नेलं, तेव्हा अर्थातच गाडी शहाण्यासारखी गप्प बसली. चावी कुणाच्या हातात पडत असेल म्हणून मी ती कपाटात कुलूप लावून ठेवली. सकाळी सीट पुढे ती पुढेच.

शेवटी मी माझ्या पद्धतीने तपास सुरू केला. सीट जिथे येऊन थांबते तिथे खालच्या पट्टीवर मार्करने रेघ मारली. दुसऱ्या वेळी आली ती बरोब्बर रेघेवर. तिसऱ्या वेळीही तिथेच. मला झोंबलं ते हे. बिघडलेलं मशीन चुकतं, आणि रोज वेगळं चुकतं. हे चुकत नव्हतं. कुणाचं तरी माप घेतल्यासारखं रोज त्याच जागी येऊन थांबत होतं. मग कुणाचं माप? रोहिणीला बसवलं, ती माझ्याएवढी उंच, तिचे गुडघे वर आले. सईचे पाय लोंबकळले. अकाउंट्सच्या मॅडमना बसवलं, सुपरवायझरला बसवलं. कुणालाच नीट बसेना. शॉपमधले लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले, त्यांचंही काही चुकलं नाही.

आता आक्काबद्दल सांगतो. आक्का माझी थोरली बहीण. आमचं मूळ गाव निपाणीकडचं आणि तिला दिलंय संकेश्वरजवळच्या एका खेड्यात. उसाची शेती. निपाणीत मावसभावाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. सईची परीक्षा म्हणून रोहिणी आली नाही, दाजी तोडणीत अडकलेले. मी सकाळी जाता जाता आक्काला घेतलं आणि जेवणं उरकून आम्ही दोघंच परत निघालो. तिला गावी सोडून मी पुढे बेळगावला येणार होतो.

तवंदी घाट ओलांडला आणि छातीवर कुणीतरी भरलेलं पोतं ठेवावं तसं झालं. आधी वाटलं, बासुंदी जास्त झाली. मग डावा हात जड झाला, शर्ट घामाने भिजला. कशीबशी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. स्क्रीन काळी झाली.

"बाळू, काय हुतंय रं?" आक्काने माझ्या कपाळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"ॲम्ब्युलन्सला फोन लाव," मी म्हणालो.

तिने मागे-पुढे रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ती येईस्तवर काय हिथंच बसून ऱ्हायचं व्हय? उतर. तिकडं बस. मी चालीवतो."

आमच्याकडे बायकाही असंच 'मी चालीवतो' म्हणतात, बाहेरच्यांना गंमत वाटते. आक्काने लग्नाआधी वडिलांचा ट्रॅक्टर चालवलाय, लग्नानंतर दाजींचाही. कारच्या स्टिअरिंगला मात्र जन्मात हात लावलेला नव्हता. तिने मला खांद्याला धरून गाडीभोवती फिरवलं, डाव्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि पलीकडे जाऊन ड्रायव्हरचं दार उघडलं. माझी सीट पार मागे आणि खाली. आक्का एवढीशी. ती तिथे बसली असती तर पाय ब्रेकला पोचले नसते, आणि ब्रेक दाबल्याशिवाय ही गाडी सुरूच होत नाही. सीटचं बटण कुठे आहे ते मला सांगायचं होतं. जीभ वळेना. मला खरंच भीती वाटली, सई डोळ्यांसमोर आली.

आणि तो आवाज आला... सीटच्या मोटरचा. इतके महिने ज्याला शिव्या घातल्या तोच. स्क्रीन काळीच होती, वेलकम नाही की काही नाही. सीट पुढे गेली, मग वर आली. स्टिअरिंग खाली उतरलं. आरसे वाकले. आक्का वर चढून बसली आणि तिचा पाय सरळ ब्रेकवर पडला.

"सीट पुढं घेतलीस ते लई बरं केलंस," ती म्हणाली.

माझे दोन्ही हात छातीवर होते.

"क्लच कुठं हाय ह्याचा?"

"न्हाय."

"मग ह्यो डावा पाय काय कापून ठिवू?"

त्या अवस्थेत मी हसलो, हे मला पक्कं आठवतंय. पुढचं तुटक आठवतं. उसाच्या ट्रॉल्यांना तिने दिलेले हॉर्न, आणि "डोळं मिटू नगंस रं, बोलत ऱ्हा" हे पुन्हा पुन्हा. संकेश्वरच्या दवाखान्यात लगेच इंजेक्शन दिलं, तिथून बेळगावला हलवलं, हृदयाची तुंबलेली शीर उघडली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर... आणि वाक्य तसंच सोडून पुढच्या पेशंटकडे गेले.

घरी आल्यावर मी रोहिणीला सगळं सांगितलं. आक्का मला बघायला आली तेव्हा रोहिणी तिला घेऊन खाली गाडीपाशी गेली. आक्काने दवाखान्याच्या दारात लावल्यापासून ती सीट कुणी हलवली नव्हती, भाच्याने गाडी ओढून आणली होती. रोहिणीने वाकून बघितलं. सीट मार्करच्या रेघेवर होती.

"बुटकी," रोहिणी आक्काकडे बघत म्हणाली. "एसी सोसत नाही. जवळचा चष्मा." आणि आक्काच्या गळ्यात पडून रडायला लागली. आक्काला काही कळेना, ती आपली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बसवराजने नंतर गाडीचं रेकॉर्ड काढून दाखवलं. त्या दिवशी सीटची मोटर फिरल्याची नोंद नाही. नोंद राहून गेली असेल, उतरताना माझ्याच कोपराने बटण दाबलं गेलं असेल, भीतीपोटी मला काहीतरी भास झाला असेल, सगळं मान्य. पण रेघ मी दिवाळीनंतर मारली होती आणि आक्का त्या सीटवर पहिल्यांदा बसली ती त्या दुपारी. शोधणारा कमी पडतोय असं अजूनही म्हणतो, फक्त आता ओरडून म्हणत नाही.

त्यानंतर ड्रायव्हर टू कधी आला नाही. स्क्रीनही सुतासारखी सरळ चालली. इथवर असतं तर मी देवाचे आभार मानून गप्प बसलो असतो.

पावसाळा लागला आणि स्क्रीन पुन्हा काळी झाली. वेलकम, ड्रायव्हर थ्री.

ही सीट आक्काच्या मापापेक्षा मागे येते, रोहिणीच्या मापापेक्षा पुढे. एसी पूर्ण, गाण्याचा आवाज मोठा. मी गाडी विकायची म्हटलं, तर रोहिणी ताडकन म्हणाली, "विकायची नाही. विकली तर पुढच्या वेळी कुठल्या गाडीत असाल तुम्ही?" तेव्हापासून घरात हा विषय बंद आहे. आक्का मात्र फोनवर एवढंच म्हणते, "पोरीला गाडी शिकीव."

सई आता आक्काएवढी झालीय. अजून वाढेल, आईवर गेलीय.

गेल्या रविवारी मी गाडी धूत होतो. ती सहज जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीट ड्रायव्हर थ्रीच्या मापावरच होती. गाणी मोठ्याने लावली, एसी वाढवला आणि पाय लांब करून बघितला.

"पप्पा, बघा ना, अजून पोचत नाही."

मी हातातला फडका टाकला आणि वाकून बघितलं. तिचा पाय आणि ब्रेक यांच्यात अगदी थोडं अंतर राहिलं होतं. पोरगी हिरमुसली होती आणि मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"असू दे गं," मी म्हणालो. "घाई काय आहे."