हैबतीची एकच मागणी

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला धनगरांची सात घरं होती. त्यातल्या हैबतीला कुणी वाटेत रामराम घातला, तरी तो बसायला दगड शोधायचा. "म्हस व्याली का?" एवढंच विचारावं, तर हा म्हशीच्या आजीपासून सुरुवात करायचा. माणूस सरळ, कामाला वाघ. फक्त तोंडाला बांध नव्हता.

छप्पन साली भोरहून निरोप आला. विकासाचे साहेब हिर्डोशीच्या देवळात बसणार आणि आधी काय करायचं ते लोकांनाच विचारणार. हैबती हरखला. उभ्या जन्मात सरकारनं त्याला काही विचारलं नव्हतं. आठ दिवस तो जेवताना भागूबाईला, म्हणजे बायकोला, भाषण ऐकवत होता.

"सायबाला तरी आधी जेवू द्या," ती म्हणायची.

सभेच्या दिवशी चिमाजी पाटलांनी मोटारीची सडक मागितली. मग हैबती उठला. आजा कुठून डोंगरावर आला, इथपासून त्यानं धरलं. वाघानं नेलेल्या शेळ्या झाल्या, म्हशींची लाळ-खुरकूत झाली, पोरांची शाळा झाली, नसरापूरच्या बाजारातला तुपाचा भाव झाला. साहेबांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

"हैबतराव, सगळं खरं आहे. पण कागदावर एका वाडीची एकच मागणी बसते. पहिली कुठली, तेवढं सांगा."

हैबतीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गुरांचा डॉक्टर म्हणावं, तर शाळा राहते. शाळा म्हणावी, तर म्हशी डोळ्यांपुढे येतात. एकाचं नाव घेतलं, की बाकीचं आपणच नको म्हटल्यासारखं होणार. हैबती गप्प झालेला पाहून, याला बरं नाही की काय, म्हणून पाटील वळून बघायला लागले.

तेवढ्यात पायरीवरून भागूबाई पदर सावरत बोलली, "सायेब, वड्यावर साकव लिवा. पावसात तीन म्हयने वाडी पल्याड अन् गाव अल्याड. गेल्या साली माझी भन अडली, तवा सुईण वड्याच्या ह्या अंगाला दिसभर बसून ऱ्हायली. म्याच सोडवली कशीबशी. साकव झाला, तर बाकीचं आमी चालत येऊन मागू."

साहेब हसले आणि त्यांनी लिहून घेतलं. "सामान सरकारचं, मेहनत तुमची. चालेल?"

"चालंल," हैबती म्हणाला. एवढंच. सभेत हशा पिकला.

चढणीला लागल्यावर तो कुरकुरला, "म्या त्येच सांगणार हुतो."

"व्हय की," भागूबाई म्हणाली. "म्याच जरा मधी बोलले."

कागदाला भोरहून फिरून यायला वर्ष लागलं. पुढच्या उन्हाळ्यात सातही घरांनी दगड वाहिले. सगळ्यांत जास्त हैबतीनं वाहिले, आणि गवंड्याचं डोकंही त्यानंच सगळ्यांत जास्त खाल्लं. आषाढात ओढा फुगला, तेव्हा तो म्हशीला घेऊन ऐटीत साकवापाशी आला. म्हशीनं नव्या फळ्या हुंगल्या, मान झटकली आणि सरळ पाण्यात उतरून ती पोहत पलीकडे गेली.

हैबती एकटाच साकवावर चढला. मधोमध थांबून त्यानं खालचं लाल पाणी बराच वेळ पाहिलं. पाय कोरडे होते.